दुधाच्या दातांची गाय

जनावराचं वय दाखल्यात नसतं, तोंडात असतं, असं माझे वडील म्हणायचे. देवखिंडीच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं दात बघितले. घेणारा आणि विकणारा यांची वयावरून जुंपली की तात्यांना हाक जायची. ते येत, अंगठ्याने जनावराचा खालचा ओठ खाली दाबत आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडत. सगळे दुधाचे दात असले तर 'आदत'. दोन पक्के दात आलेले असले तर 'दुसा', चार असले तर 'चौसा' आणि आठही आले की 'जुळला'. मग बाजारातल्या दुसऱ्या कुणीतरी पुढे होऊन आपला अंगठा लावायचा आणि तोच शब्द पुन्हा ओरडायचा. याला आमच्याकडे साक्ष म्हणतात. साक्ष पडली की वाद संपला, मग विकणारा कितीही मोठा असो. आणखी एक रीत होती. कालवड व्यायला झाली की तिच्या तोंडात दोन पक्के दात पाहिजेत. आदत कालवड व्यालेली आमच्या भागात कुणी पाहिलेली नव्हती, आणि कुणी तसं होऊ दिलं असतं तर लोकांनी त्याला दारात उभं केलं नसतं.

मी त्या तात्यांची थोरली मुलगी, अलका निकम. गेली अठरा वर्षं सोनवड आणि भोवतालच्या चार वाड्यांमध्ये मी गाई भरवते. कागदावर त्याला कृत्रिम रेतन म्हणतात. गोठवलेलं रेत ठेवलेला नायट्रोजनचा कॅन स्कूटरला बांधायचा, फोन आला की निघायचं. कॅनमधून रेतकांडी काढायच्या आधी मी जनावराचं तोंड उघडून बघते. हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलेलं नाही आणि त्याची गरजही नाही, असं शिकलेले लोक सांगतात. गावातले हसतात, म्हणतात, अलकाक्काला दात मोजल्याशिवाय चहा गोड लागत नाही. हसू देत. माझ्या आधार कार्डावर माझं वय सेहेचाळीस आहे आणि मी आहे त्रेचाळीस वर्षांची. त्यामुळे कागदावर माझा विश्वास थोडा कमीच आहे.

'त्वरा' नावाची कालवडींची गोळी आमच्या गावात २०३९ च्या दिवाळीनंतर आली. सोनवडच्या दूध संस्थेचा चेअरमन माझा धाकटा भाऊ दिगंबर. त्याने संस्थेच्या शेडमध्ये सभा बोलावली आणि गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या डॉक्टरांना बोलायला उभं केलं. डॉक्टर म्हणजे फरहान मुजावर, तिशीतला, मिरजेकडचा मुलगा. हातात तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी गोळी घेऊन तो बोलत होता, आणि खरं सांगते, इतकं नीट समजावून आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

कालवड माजावर कधी येते, हे तिचं वय ठरवत नाही, तिचा मेंदू ठरवतो, असं तो म्हणाला. मेंदूच्या तळाशी मूठभर पेशी असतात. त्या सतत शरीराला विचारत राहतात, कोठी भरली का? अंगावर पुरेशी चरबी साठली की त्या चरबीतूनच एक रसायन रक्तात उतरतं आणि मेंदूला निरोप देतं, भरली. मग त्या पेशी किसपेप्टिन नावाचं प्रथिन सोडतात, त्याने पुढच्या ग्रंथींना ठोके मिळू लागतात, आणि काही आठवड्यांत कालवड पहिल्यांदा माजावर येते. आपल्याकडच्या संकरित कालवडीला त्यासाठी वर्ष-सव्वा वर्ष लागतं. ही गोळी चौथ्या महिन्यात कानामागे कातडीखाली बसवायची. ती दर तासाला इवलासा ठोका देते. कोठी भरलेली नसली तरी मेंदूला भरल्याचा निरोप मिळतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात माज, आठव्या महिन्यात भरवायची, सतराव्या महिन्यात दूध. आज हेच दूध सत्ताविसाव्या महिन्यात मिळतं.

"म्हणजे गोळी मेंदूशी खोटं बोलते," मी म्हणाले.

मुजावर हसला. म्हणाला, तसं म्हणता येईल, पण उपयोगाचं खोटं आहे. शेडमध्ये सगळे हसले, आणि मीही हसले. दहा महिने नुसतं बसून खाणारं तोंड कुणाला नको होतं.

अट एकच होती. गावातल्या सगळ्या कालवडींना गोळी बसली आणि सगळ्या वेळेवर गाभण गेल्या, तरच कंपनी आणि तालुक्याचा दूध संघ मिळून सोनवडला दूध थंड ठेवायचं नवं शीतकेंद्र देणार होते. एकही वगळलेली चालणार नव्हती. दिगंबरने हात वर करायला सांगितले आणि सगळ्यांचे हात वर गेले.

पाच महिन्यांच्या कालवडी माजावर आल्या, तेव्हा गावाची चांगलीच करमणूक झाली. आईला लुचायचं वय, आणि त्या हंबरून गोठा डोक्यावर घेत होत्या. फोनवर प्रत्येक कालवडीचं पान होतं. त्यावर पूर्वी जन्मतारीख असायची. नव्या ॲपमधून ती काढून टाकली होती आणि तिच्या जागी एक आकडा आला होता, प्रौढत्व. शंभर झाला की आकडा हिरवा होई आणि मला निरोप येई, भरवायला या.

पहिल्या खेपेच्या अकरा कालवडी मीच भरवल्या. हे मी लपवणार नाही. रेतनाच्या वेळी एक हात मागून आत घालून गर्भाशय चाचपायचं, ही आमची जुनी पद्धत. पहिल्याच कालवडीला माझा हात मनगटापाशी अडला, पुढे जाईना. मी मुजावरला फोन केला. तो म्हणाला, हात घालायची गरजच नाही, कंपनीने बारीक गन दिली आहे, तिच्या टोकाला कॅमेरा आहे, पडद्यावर बघून करा. मी पडद्यावर बघून केलं. ज्या हाताला कळलं होतं, तो हात मी धुऊन पुसून बाजूला ठेवला. तोंडंही बघितली होती मी. सगळ्यांचे दुधाचे दात कोवळे, शेंडा न झिजलेले. तरीही मी कांडी बाहेर काढली, कारण आकडा हिरवा होता आणि दिगंबर माझ्या पाठीशी उभा होता.

पहिली व्यायला झाली ती पारूबाईंची गुंजी. पारूबाई एकट्या राहतात, नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या दावणीला गुंजीशिवाय दुसरं जनावर नव्हतं. सकाळी दहाला मला फोन आला. मी पोहोचले तेव्हा गुंजी आडवी पडून कण्हत होती. दोन खूर दिसत होते, नाकाचा शेंडा दिसत होता आणि कितीही कळा दिल्या तरी पुढे काही सरकत नव्हतं. वासरू मोठं नव्हतं. कंपनीने मुद्दाम लहान चणीच्या वळूचं रेत दिलं होतं. वाटच लहान होती. मुजावर अर्ध्या तासात आला, त्याने तिथेच अंगणात पोट उघडून वासरू काढलं. ते मेलेलं होतं. गुंजी वाचली, पण तिच्या मागच्या पायांतली ताकद गेली ती गेलीच. तिसऱ्या दिवशी गुंजी मेली. तोवर पारूबाई तिच्या तोंडाशी वैरण धरून बसलेल्या होत्या.

पोट शिवून झालं त्या दिवशीच मी तिचं तोंड उघडून बघितलं होतं. तांदळाच्या दाण्यांसारखे आठ दुधाचे दात, एकही हललेला नाही.

मुजावर हात धुवून माझ्याजवळ येऊन बसला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने मला मग दुसरी गोष्ट सांगितली, जी सभेत सांगितली नव्हती. हाडांच्या टोकाशी कुर्चेची एक पट्टी असते, तिथून हाड लांबत जातं. माजाचं संप्रेरक रक्तात वाढलं की ती पट्टी हळूहळू हाडच होऊन जाते, मिटते, आणि मग ते हाड वाढत नाही. गोळीमुळे माज सात-आठ महिने आधी आला, म्हणून कमरेचं हाडही लवकर मिटायला लागलं. कंपनीच्या फार्मवर कालवडींना पहिल्या महिन्यापासून लसूणघास, मका आणि पेंड पोटभर असते. तिथे त्या पट्ट्या मिटायच्या आत कंबर रुंद होते. आमच्याकडे कडबा आणि उसाचे वाढे. कोठी खरोखरच भरली नव्हती.

मी विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं?

"शंका होती," तो म्हणाला. "आता खात्री झाली. आज रात्रीच लिहून पाठवतो."

त्याने पाठवलं. उत्तर मात्र मला आलं. अकरांपैकी चार कालवडी अडल्या होत्या, दोन मेल्या होत्या, आणि कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं की, सेवा देणाऱ्या व्यक्तीच्या हाताळणीत त्रुटी आढळल्या. ती व्यक्ती म्हणजे मी. मुजावरला तोंड बंद ठेवायला सांगण्यात आलं. तो कंत्राटावर होता, दर वर्षी त्याची सही नव्याने व्हायची.

पत्र वाचून मला राग आला, पण खरं म्हणजे मला स्वतःचाच जास्त राग आला होता. अठरा वर्षं मी तोंड उघडून बघत होते आणि ऐन वेळी बघून न बघितल्यासारखं केलं होतं. दुसऱ्या खेपेला गावात चौसष्ट कालवडी होत्या. गोळ्या बसून झालेल्या होत्या. एका गुरुवारी सकाळी फोन वाजला. मोगरी, मालक दिगंबर निकम, प्रौढत्व शंभर.

मी भावाच्या गोठ्यात गेले, कॅन स्कूटरवरच ठेवला. मोगरी म्हणजे पांढऱ्या कपाळाची देखणी कालवड. दिगंबरची बायको तिला पोळी भरवायची. मी तिचं तोंड बघितलं आणि दिगंबरला सांगितलं की हिला मी भरवणार नाही, आणि गावातल्या चौसष्टांपैकी एकीलाही भरवणार नाही.

दिगंबर आधी गोडीने बोलला. मग म्हणाला, एक कालवड राहिली तरी सोनवड योजनेतून बाहेर पडेल, शीतकेंद्र कुरणवाडीला जाईल, लोक मला जोड्याने मारतील. मी म्हणाले, मारू देत, मीही येते मार खायला.

"आक्का, स्क्रीनवर शंभर आलंय," तो म्हणाला.

"तोंडात काय आलंय ते बघ."

"दातावर आता कोण जातंय? तात्यांच्या संगं गेलं ते." मग थोडं थांबून तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुझा राग दुसरीकडचा हाय, आक्का. त्यो गायींवर काढू नगंस."

मी गव्हाणीच्या कडेवर बसले. अठ्ठावीस वर्षांत आमच्या घरात ही गोष्ट कुणी काढली नव्हती.

मी दहावीत होते. पंधरा वर्षांची. एक चांगलं स्थळ चालून आलं, बागाईतदार, हुंडा न मागणारं. माझ्या वडिलांनी, बाजारात आदतीला दुसा म्हणणाऱ्याची गचांडी धरणाऱ्या माझ्या तात्यांनी, कुणाकुणाचे पाय धरून माझ्या दाखल्यावर वय तीन वर्षांनी वाढवून घेतलं. तालुक्यातल्या हजारो जनावरांची तोंडं त्यांनी बघितली, माझ्याकडे बघितलं नाही. वर्षाच्या आत मी बाळंतपणाला अडले. मूल गेलं, पिशवी काढावी लागली, आणि मूल होणार नाही म्हटल्यावर सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं. तात्या त्यानंतर दहा वर्षं जगले. त्यांनी माझ्याशी वैरणपाण्याचं बोलणं केलं, याविषयी कधीच नाही. माझं त्यांच्यावर प्रेम होतं. आणि या एका गोष्टीची मी त्यांना माफी दिलेली नाही, अजूनही नाही.

"दुसरीकडचाच हाय," मी दिगंबरला म्हणाले. "दाखल्यावर माझं अठरा लिवलं होतं. तुझ्या स्क्रीनवर शंभर लिवलंय. तू अकरा वर्षांचा होतास, माझ्या लग्नात जिलेब्या खात होतास, तुझा काय गुन्हा न्हवता. आता तू चेअरमन हायस."

तो मोगरीच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला. मला वाटलं, समजलं याला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन उघडला तर माझा सेवा क्रमांक बंद झालेला होता. कॅन जमा करा, असा निरोप होता. त्याखाली शिफारस करणाऱ्याची सही होती, दिगंबर निकम, चेअरमन. चौसष्ट कालवडी भरवायला सोमवारी फलटणहून दुसरा माणूस येणार होता.

त्या दिवशी मी रडले. मग तोंड धुतलं आणि ठरवलं की सोमवारच्या आत जे करायचं ते करायचं. मध्ये रविवार होता, आणि रविवारी देवखिंडीची जत्रा होती.

देवखिंडीच्या जत्रेत जनावरांचं प्रदर्शन भरतं. त्यात पहिल्या जनावराचे दात बघण्याचा मान आमच्या घराचा. तात्यांच्या मागे दिगंबर तो चालवायचा, पण नुसता नावाला. फेटा बांधून व्यासपीठावर जायचं, हार घातलेल्या जनावराच्या जबड्याला हात लावायचा, 'जुळला' म्हणून ओरडायचं आणि फोटोला उभं राहायचं. शुभ म्हणून 'जुळला', मग तोंडात काहीही असो. त्या वर्षी पहिला मान कंपनीच्या गाईला होता. कंपनीच्या फार्मवरची, अठरा महिन्यांची, राज्यातली सगळ्यांत लहान वयाची दुभती गाय म्हणून तिचे फलक तालुकाभर लागले होते.

मी घरातून एकटी निघाले. वाटेत पारूबाई दिसल्या, त्या म्हणाल्या मीही येते. गुंजीनंतर त्यांच्याकडे दूध काढायला काही उरलं नव्हतं, सकाळ मोकळीच असायची.

मैदान भरलेलं होतं. गाईला झूल घातली होती, शिंगांना गोंडे. शेजारी तिचं वासरू, शेळीच्या करडाएवढं. ध्वनिक्षेपकावरचा माणूस तिच्या दुधाचे आकडे सांगत होता. मुजावरही होता, व्यासपीठाच्या कोपऱ्यात, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. दिगंबरला पुकारलं तसा तो फेटा सावरत पुढे झाला, आणि मी दोराखालून वाकून आत गेले.

बाई आजवर तिथे चढली नव्हती. कुणीतरी म्हणालं, ताई, खाली उतरा. मी म्हणाले, "मान निकमांच्या घराचा हाय, आणि घरात थोरली मी हाय." दिगंबर माझ्याकडे बघत राहिला. मला अडवायचं तर त्याला माझ्या अंगाला हात लावावा लागला असता, आणि ते त्याने कधी केलेलं नाही.

गाय गरीब होती. मी तिच्या कपाळावर हात ठेवला, मग अंगठ्याने तिचा खालचा ओठ दाबला. आठ दुधाचे दात. मी मान वर केली. मला ध्वनिक्षेपक नको होता, माझा आवाज तात्यांचाच आहे.

"आदत."

शहरातून आलेल्या पाहुण्यांना काही कळलं नाही, ते टाळ्या वाजवायच्या बेतात होते. पण समोर जमिनीवर बसलेली जी दोन-तीन हजार माणसं होती, त्यांतल्या निम्म्यांनी उभं आयुष्य जनावरांत काढलं होतं. ते एकदा गाईकडे बघत, एकदा वासराकडे. आदत गाय आणि पोटचं वासरू हे त्यांनी एका दोराला बांधलेलं कधी बघितलं नव्हतं. आकडे त्यांनी ऐकले होते, महिन्यांचा हिशेबही केला होता, पण तो शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत कुणाला तसं दिसलं नव्हतं. पहिल्या खेपेला मलाही तर दिसलं नव्हतं.

ध्वनिक्षेपकावरचा माणूस सावरला. म्हणाला, ही आपली एक जुनी गंमत आहे, आता चेअरमनसाहेब रीतीप्रमाणे पुकारतील. तेवढ्यात पुढच्या रांगेतला पागोट्याचा एक म्हातारा उठून उभा राहिला. तो तात्यांच्या वेळचा दलाल होता.

"पुकार झालाय," तो म्हणाला. "साक्ष कोण देतंय?"

साक्षीवाचून पुकार फुकट जातो. मुजावर एक पाऊल पुढे आला, पण तो बाजारचा माणूस नव्हता, त्याची साक्ष चालली नसती. मी दिगंबरकडे बघितलं. त्याच्या हातात भाषणाचा कागद होता. त्याच्यामागे संघाचे लोक बसले होते, शीतकेंद्राचं पत्र त्यांच्या खिशात होतं. मला जे म्हणायचं होतं ते गोठ्यात म्हणून झालं होतं.

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. पुढे आला, गाईचा ओठ दाबला आणि किती तरी वेळ तसाच वाकून राहिला. मला वाटतं त्याने ते दात खरोखर मोजले. मग तो ओरडला, आणि ते मैदानाच्या टोकाला बसलेल्या पारूबाईंनाही ऐकू गेलं.

"आदत."

पुढे काही दंगा झाला नाही. भाषणं चालू राहिली. माणसं मात्र उठून जायला लागली, एकेक करून, चपला शोधत. त्या संध्याकाळी सोनवडमध्ये दारोदार कालवडींची तोंडं उघडली जात होती. पोरंसोरं, म्हाताऱ्या, सुना, सगळे कंदिलाने बघावं तसे फोनचा उजेड पाडून दात बघत होते. सोमवारी फलटणचा माणूस भरलेला कॅन घेऊन आला आणि भरलेलाच कॅन घेऊन परत गेला. चहा मात्र त्याला सात घरांनी पाजला.

आम्ही जिंकलो असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. शीतकेंद्र कुरणवाडीला गेलं. आमचं दूध अजूनही सात किलोमीटर लांब घालावं लागतं. दिगंबरचं चेअरमनपद पुढच्याच सभेत गेलं. मुजावरची सही नव्याने झाली नाही. जाण्याआधी तो एका सुट्टीच्या दिवशी पाती घेऊन सोनवडला आला, कानामागची गोळी कशी काढायची ते त्याने मला दाखवलं, आणि आम्ही दोघांनी दोन दिवसांत चौसष्ट गोळ्या काढल्या. ठोका थांबला की बहुतेकींचा माजही थांबेल आणि कोठी भरल्यावर आपला आपण येईल, असं तो म्हणाला. बहुतेकींचं तसंच झालं. नऊ कालवडींची हाडं आधीच मिटलेली होती, त्या तेवढ्याच राहिल्या. त्या आजही गावात आहेत, कधीच न भरवलेल्या. कुणी त्यांना विकलं नाही. कंपनीने माझ्यावर दावा लावला आहे, तो चालू आहे. मी तारखेला जाते, डबा घेऊन जाते. मुजावर आता स्वतःचा दवाखाना चालवतो आणि साक्षीला येतो.

मोगरीला पहिले दोन पक्के दात आले ते पुढच्या वर्षीच्या पौषात. दिगंबरचा फोन आला, आक्का, ये, बघून जा. मी गेले. त्यानेच तिचं तोंड उघडून धरलं होतं. मध्ये दोन रुंद, पिवळसर दात, कडेला दुधाचे. त्याची बायको पोळी घेऊन आली.

मग तो म्हणाला, उद्या तालुक्याला जाऊ. मी विचारलं कशाला, तर सांगेना. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्यावर कळलं. माझ्या शाळेच्या जुन्या रजिस्टरातली मूळ नोंद त्याने शोधून काढली होती, वय दुरुस्तीचा अर्ज भरून ठेवला होता. नोंदीबरोबर घरातल्या एका माणसाची साक्ष लागत होती. कारकुनाने त्याच्यापुढे अंगठ्याचं यंत्र सरकवलं. दिगंबरने अंगठा शर्टाला पुसला आणि यंत्रावर दाबून धरला, हिरवा दिवा लागल्यावरही काढला नाही.

कारकून भला माणूस होता. अर्ज वाचून तो मला म्हणाला, "ताई, आता कशाला हा उद्योग? वय कमी केलं तर म्हातारपणाची पेन्शन तीन वर्षं उशिरा सुरू होईल."

"होऊ द्या," मी म्हणाले. "घाई कुणाला आहे?"